कँटीनमधलं आमचं शिवराक टेबल

५ मार्च २०२५, बुधवार. दुपारचा एक वाजून गेला होता. आमच्या बी.एड्. कॉलेजच्या कँटीनमध्ये खिडकीकडचं टेबल आम्हा तिघांचं ठरलेलं. मी डबा काढला आणि झाकणाला हात घालून तशीच थांबले. आत बांगड्याचं हुमण, म्हणजे माशाचं कालवण, होतं, आईने पहाटे पाचला उठून केलेलं. समोरचे दोघे जेवणार नव्हते. सावर्ड्याच्या मित्राचा तो चौथा रोजा. कुंकळ्ळीच्या मैत्रिणीच्या कपाळावर राखेचा क्रूस होता, तिचाही उपास.

"खा गो," ती म्हणाली. "तुझा डबा बघून आमचा उपास मोडत नाही."

बरोबर एका आठवड्यापूर्वी, २६ फेब्रुवारीला, महाशिवरात्र होती. तेव्हा मी उपाशी होते आणि हे दोघे माझ्यासमोर जेवत होते. वर्गातल्या कुणीतरी त्याच आठवड्यात आमच्या टेबलाचं नाव 'शिवराक टेबल' पाडलं. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, शिवराक म्हणजे मासे-मटण नसलेलं. आमच्या घरी सोमवार शिवराक, चवथीचे, म्हणजे गणपतीचे, दिवस शिवराक, आणि एरवी मासळी नसली तर बाबा 'आज जेवण नाही का' म्हणून विचारतात.

मी इथे कुणाचंच नाव लिहीत नाही. दोघांना विचारूनच लिहिते आहे, पण नावं नकोत असं तिघांचं ठरलं. तसंही कॉलेजात आम्ही एकमेकांना गावावरूनच हाक मारायचो. मी सत्तरीकार, तो सावर्डेकार, आणि ती कुंकळ्ळीकारीण. या शेवटच्या नावाबद्दल पुढे लिहायचंच आहे.

तो राखेचा क्रूस मी त्याआधी कधी इतक्या जवळून पाहिला नव्हता. सकाळी सातच्या मिसाला पाद्रीने अंगठ्याने काढलेला. उभी रेघ सरळ होती, आडवी मात्र डाव्या भुवईकडे फिसकटली होती. उकाडा मरणाचा. घामाबरोबर राखेचा एक कण नाकाच्या शेंड्यावर उतरला होता आणि दुसरा पापणीच्या केसांत अडकला होता. ती पुसत नव्हती. मधूनमधून रुमाल काढायची, गाल टिपायची, कपाळाला हात लावायची नाही. माझे आजोबा रोज तीन बोटांनी भस्म ओढायचे आणि जेवताना घामाने ते असंच भुवयांवर यायचं, ते मला आठवलं. मी विचारलं, "ही राख कसली असते?"

तेवीस वर्षं गोव्यात काढून हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारत होते.

तिने सगळं नीट सांगितलं. ईस्टरच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये माडाच्या झावळ्यांची पाती आशीर्वादून देतात. घरी त्यांचे विणून क्रूस करतात, ते आल्तारापाशी, तसबिरीच्या मागे खोचून ठेवतात. वर्षभर ते तिथेच सुकतात. कोरेज्म, म्हणजे उपासाचे चाळीस दिवस, सुरू व्हायच्या आधी ते चर्चला परत करायचे, तिथे जाळायचे, आणि त्याची ही राख. लावताना पाद्री म्हणतो, तू माती आहेस आणि मातीलाच मिळशील. "म्हणजे गेल्या वर्षी आमच्या घरात होता तोच क्रूस असेल यात," ती म्हणाली. "आमच्याच घरातली राख आणि शेजाऱ्यांच्या घरातली, सगळी एकत्र."

मग सावर्डेकाराने विचारलं, कोरेज्मात शुक्रवारी मटण बंद, मग मासे कसे चालतात? ती म्हणाली, नियम मांसाचा आहे, मासळीचा नाही. मी म्हटलं, आमच्याकडे उपास म्हटला की पहिली मासळीच जाते. तो म्हणाला, आम्हाला पाणीसुद्धा नाही. सहरीला किती वाजता उठतोस? साडेचारला. तुझी आई? ती चारला. मग तिघांच्याही आया पहाटे उठतात यावर बराच वेळ बोलणं झालं. हुमण गार झालं आणि आमचं पाचवं लेक्चर बुडालं.

हे बोलणं सहज झालं असं वाचणाऱ्याला वाटेल. तसं नव्हतं. तिथे पोहोचायला आम्हाला सात महिने लागले, आणि त्यातले दोन माझ्यामुळे गेले.

गोव्यातल्या सलोख्याबद्दल मी लहानपणापासून ऐकत आले. चवथीला नेवऱ्या ख्रिस्ती शेजाऱ्याकडे जातात, नाताळाला तिथून दोदोल आणि बेबिंका येते. शिरगावची लईराई देवी आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्र सायबीण या सख्ख्या बहिणी, असं लोक मानतात. सायबिणीच्या फेस्ताला, म्हणजे उत्सवाला, हिंदू तेल घेऊन रांगेत उभे राहतात. हे सगळं खरं आहे आणि मला त्याचं मोल आहे. पण मला ते ऐकूनच माहीत होतं. सत्तरी, डिचोली, पेडणे हे तालुके पोर्तुगिजांकडे आले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, धर्मांतराचा पहिला जोर सरल्यावर. २०११ च्या जनगणनेत गोव्यात हिंदू ६६ टक्के, ख्रिस्ती २५ आणि मुसलमान ८ टक्के आहेत, पण आमच्या वाड्यावर सगळी घरं हिंदू. मराठी शाळा, मराठी भजनं, दिंडी. वाळपईला बाजाराला गेलं की चर्च दिसायचं, बाहेरून. बेबिंका मी पहिल्यांदा खाल्ली ती बेकरीतून विकत आणून.

बी.एड्.ला आलं की अख्खा गोवा एका वर्गात येतो. पन्नास जणांची तुकडी. काणकोणचे, बार्देशचे, कुणी कोकणी घेऊन बी.ए. झालेले, कुणी गणित घेऊन बी.एस्सी. पहिल्याच आठवड्यात माझी या मैत्रिणीशी गट्टी जमली, कारण आम्हा दोघींचीही एक अध्यापन पद्धत इतिहास होती. तिला 'कुंकळ्ळीकारीण' हे नाव मीच दिलं. ती एकदम गप्प झाली आणि मग म्हणाली, "ते देवीचं नाव आहे." फातर्प्याची शांतादुर्गा कुंकळ्ळीकारीण. मूळची कुंकळ्ळीची, देऊळ पाडलं गेलं तेव्हा फातर्प्याला हलवलेली. मी ओशाळले. पण तीच म्हणाली, "राहू दे. माझी आजी ऐकेल तर खूश होईल."

२०२४ ची चवथ ७ सप्टेंबरला होती. सुट्टी संपवून आल्यावर मी सगळ्यांसाठी नेवऱ्या आणि पंचखाद्य नेलं. देव्हाऱ्यापुढे ठेवलेलं, तुळशीपत्रासकट. बहुतेकांनी तळहात पुढे केले. तिने कागदी रुमालात घेतलं, घडी घातली आणि छत्रीच्या कप्प्यात ठेवलं. "मागाहून खाते." संध्याकाळी बसस्टॉपवर तिने छत्री काढली तेव्हा ती पुडी तशीच होती, ओल्या छत्रीने भिजलेली.

मला लागलं. तिला विचारायला हवं होतं. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी मी तीन-चार मैत्रिणींना सांगितलं, "त्यांना आपला प्रसाद चालत नाही."

मी मराठी शिकवते. हे वाक्य मी आज फळ्यावर लिहून मुलांना सर्वनामं शिकवू शकेन. एका मुलीने एक पुडी खाल्ली नव्हती. तिची मी 'त्यांना' केली, आणि माझ्या डब्यातल्या पंचखाद्याचा 'आपला' प्रसाद केला. त्या 'आपला'मध्ये वर्गातली चाळीसेक माणसं आत आली आणि ती, सावर्डेकार, अजून सात-आठ जण बाहेर राहिले. आठवड्याभरात ते वाक्य तिच्यापर्यंत पोहोचलं. तिने मला काही म्हटलं नाही. फक्त माझ्या शेजारी बसायची थांबली.

त्यात ऑक्टोबर आला. सेंट झेवियरच्या अवशेषांबद्दल कुणी एक वक्तव्य केलं आणि मडगावात लोक रस्त्यावर उतरले. ज्यांना गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत 'गोंयचो सायब' म्हणतात त्यांच्याबद्दलची गोष्ट होती. आमच्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री अकराला दोन मेसेज आले, त्यावर पाच उत्तरं, आणि सकाळी ग्रुप 'फक्त अ‍ॅडमिन'वर गेला. कॉलेजने नोटीस लावली की आवारात धार्मिक विषयांवर चर्चा करू नये. तोपर्यंत सकाळच्या परिपाठाला प्रत्येक गट आपापली प्रार्थना निवडायचा. एखाद्या दिवशी पसायदान, एखाद्या दिवशी कोकणी ख्रिस्ती गीत. तेही बंद. राष्ट्रगीत आणि एक मिनिट शांतता.

नोटीस काढणाऱ्यांची काळजी मला कळते. पन्नास तरुण माणसांच्या भांडणाची जबाबदारी कुणावर तरी असते. पण त्या नोटिशीने काय झालं ते मी पाहिलं. बोलणं थांबलं नाही, पांगलं. हिंदू मुली हिंदू मुलींत बोलायला लागल्या, ख्रिस्ती ख्रिस्तींत. ज्याच्याबद्दल बोलायचं तो समोर नसला की कुणीही काहीही म्हणतं आणि कुणी खोडत नाही. उद्या हीच माणसं चाळीस-चाळीस मुलांच्या वर्गावर उभी राहणार होती.

कोंडी फुटली ती नोव्हेंबरात, सराव पाठाच्या तासाला. वर्गमित्रच विद्यार्थी होऊन बसतात आणि एकाने पाठ घ्यायचा. तिने विषय निवडला कुंकळ्ळीचा उठाव. फळ्यावर तारीख लिहिली, १५ जुलै १५८३. देवळं पाडलेल्या गावात चर्चसाठी जागा बघायला आलेले जेझुइट या ख्रिस्ती संघाचे पाच जण आणि त्यांच्याबरोबरचे लोक गावकऱ्यांनी त्या दिवशी मारले. त्यानंतर पोर्तुगिजांनी गावकारांना, म्हणजे गावच्या प्रमुखांना, बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथे त्यांना मारलं. १८९३ मध्ये रोमने त्या पाच जेझुइटांना धन्य म्हणून जाहीर केलं. हे सगळं तिने एकसुरात, पाठाच्या टाचणात असतं तसं सांगितलं. मग खडू खाली ठेवला.

"मारले गेलेले पाद्री माझ्या चर्चचे आहेत," ती म्हणाली. "आणि किल्ल्यात मारले गेलेले गावकार माझे पूर्वज आहेत. माझ्या घरी दोघांसाठी प्रार्थना होते."

मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "मग तू कुणाच्या बाजूची?"

"कुंकळ्ळीची."

तो थांबला नाही. "तुमच्यावर जबरदस्ती झाली म्हणतेस, मग परत का येत नाही?"

मला वाटलं मॅडम आता टेबलावर डस्टर आपटतील. त्यांनी वहीतून मान वर केली आणि तशाच बसून राहिल्या. ती फळ्याला टेकून उभी होती. तिचा आवाज चढला नाही, पण गळा भरून आला होता. "चारशे वर्षांपूर्वी माझ्या घराण्यावर काय बेतलं ते मला तुझ्याहून जास्त माहीत आहे. मी ते आत्ता फळ्यावर लिहिलं. पण रात्री झोपताना मी जी प्रार्थना करते ती माझ्यावर कुणी लादलेली नाही. ती माझी आहे. आणि परत ये म्हणतोस, तर मी गेले कुठे होते? मी त्याच गावात राहते."

घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. मॅडमनी निरीक्षण वहीत शेरा लिहिला, तो तिने मला नंतर दाखवला: 'प्रश्नांना वेळ दिला. फलकलेखन सुधारावे.'

त्या संध्याकाळी जिन्याखाली मी तिला गाठलं आणि त्या वाक्याबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, "मला त्याचं वाईट वाटलं नाही की तू ते बोललीस. मला विचारलं नाहीस त्याचं वाटलं." मग पुडीचं काय झालं ते तिने सांगितलं. तिची आजी कुठल्याही देवाचा प्रसाद खाते, फातर्प्याला तेल पाठवते. आई गेली काही वर्षं प्रार्थना गटात जाते, तिथे शिकवतात की मूर्तीपुढे ठेवलेलं खाऊ नये. ती स्वतः बायबल वाचून त्या मताला आलेली. "मला खाता येत नव्हतं. आणि तू दिलेलं कचऱ्याच्या डब्यात टाकायला हातही धजेना. तीन दिवस बॅगेत घेऊन फिरले. मग पणजीजवळ सांताक्रूझला, माझ्या खोलीच्या मागे आंब्याच्या झाडाखाली ठेवलं. खारी येतात तिथे."

खरं सांगते, हे ऐकून मला बरं वाटलं नाही. तिने आजीला नेऊन दिलं असतं तर बरं वाटलं असतं. माझ्या गणपतीपुढचं पंचखाद्य तिच्या लेखी खाण्याजोगं नव्हतं, ते तिने मला तोंडावर सांगितलं होतं आणि ते मला आजही थोडं टोचतं. पण आता ते मला तिच्याकडून माहीत आहे. दुसऱ्या दिवशी ती माझ्या शेजारी येऊन बसली.

डिसेंबरात तिने मला जुन्या गोव्याला नेलं. दहा वर्षांनी येणारं सेंट झेवियरचं शवप्रदर्शन होतं ते, २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५. बॉम जेझूच्या बासिलिकेतून शवपेटी से कॅथेड्रलमध्ये आणली होती. रांगेत केरळची कुटुंबं, तमिळ बोलणाऱ्या म्हाताऱ्या, आमच्यापुढे मंगळसूत्र घातलेल्या दोन बायका. काचेच्या पेटीपाशी आम्हाला तीन-चार सेकंद मिळाले असतील. माझे हात आपोआप जोडले गेले आणि मान लवली. बाहेर येऊन आम्ही फेस्तातलं खाजं घेतलं आणि झाडाखाली बसलो. तिने विचारलं, "तू हात का जोडलेस?"

मला उत्तर येईना. मी म्हटलं, "आम्ही सगळीकडे जोडतो."

"तुला विश्वास आहे?"

"माहीत नाही. आदर म्हणून."

ती बराच वेळ खाजं चघळत होती. मग म्हणाली, "तुमच्या घरात अजून एक देव आला तर कुणाचं अडत नाही. तुम्ही माझ्या चर्चमध्ये हात जोडता आणि मग वाटतं की मी तुमच्या देवळात जोडावेत, म्हणजे फिट्टंफाट. पण माझ्या धर्माची पहिली आज्ञाच ती आहे, एकाशिवाय दुसऱ्या कुणापुढे नाही. तुला फुकटात जमतं ते करायला मला मोठी किंमत मोजावी लागते."

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. सगळे देव सारखेच, हे आमच्या घरी औदार्य म्हणून शिकवलं जातं आणि मी ते औदार्य म्हणूनच वागवत आले. समोरच्यानेही तसंच म्हणावं अशी त्यात अपेक्षा असते, हे तिथे त्या झाडाखाली माझ्या ध्यानात आलं. मी आजही हात जोडते. पण समोरच्याने जोडले नाहीत तर त्याचा हिशेब ठेवत नाही.

तिने मला तिचं दाखवलं तसं मलाही तिला काही दाखवायचं होतं. मराठी घेऊन बी.ए. करताना मी थॉमस स्टीफन्स या पाद्रीच्या ख्रिस्तपुराणाचा भाग वाचला होता. १६१६ मध्ये तिच्याच सासष्टी तालुक्यात, रायतूरला छापलेलं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं, मराठी भाषा आणि रोमन लिपी. तिने नाव ऐकलं होतं, वाचलं नव्हतं. वाचनालयाच्या कोपऱ्यात मी हलक्या आवाजात ओवीच्या चालीवर वाचत गेले. जुनी मराठी तिला कळेना, पण गोष्ट तिला पाठ होती, माझ्याआधी ती पुढचं सांगायची. मला शब्द कळत होते आणि गोष्ट माहीत नव्हती. स्वर्गाला वैकुंठ म्हटलेलं ऐकून तिने माझा हात धरला आणि ती ओवी पुन्हा वाचायला लावली.

सावर्डेकार आमच्यात आला तो जानेवारीत, इंटर्नशिपची शाळा एकच मिळाली म्हणून. तो आणि मी संध्याकाळी पणजीहून फोंड्यापर्यंत एकाच बसने जायचो. ती वाट अशी आहे की जुन्या गोव्याच्या चर्चांपासून निघून बाणस्तारीचा पूल ओलांडला की मंगेशी येते, मग म्हार्दोळ. मंगेश कुठ्ठाळीहून आलेला, म्हाळसा वेर्ण्याहून, दोघंही सोळाव्या शतकात जुवारीच्या पलीकडून सुटून अंत्रुजात, म्हणजे फोंड्याच्या भागात, वसलेले. पुढे फोंड्याला आदिलशाही काळातली साफा मशीद. त्या बसमध्ये उभं राहून माणूस काय बोलणार नाही?

रमजानात सूर्यास्त व्हायचा सुमारे पावणेसातला, आम्ही तेव्हा फोंड्याच्या स्टँडवर असायचो. तो स्टीलच्या छोट्या डबीतून तीन खजूर काढायचा, तोंडातल्या तोंडात काही म्हणायचा आणि पहिला अर्धा खजूर खूप सावकाश खायचा. तेरा-चौदा तासांनी तोंडात काही जाताना माणसाचा चेहरा कसा होतो ते मी तिथे, बसच्या धुरात पाहिलं. एक खजूर तो मला द्यायचा. एकदा मी विचारलंच, "तू माझा प्रसाद घेत नाहीस, मी तुझा खजूर घेते. हे कसं?"

"हा कुणापुढे ठेवलेला नाही," तो म्हणाला. "हा नुसता खजूर आहे. मला भूक लागली आहे म्हणून तो मोठा झाला." मग तो म्हणाला, "आता मी एक विचारू? तुमच्या गावच्या देवळाच्या महाजनांत तू आहेस?"

मी नाही म्हटलं. बायका महाजन, म्हणजे देवळाचा कारभार बघणारे सभासद, नसतात. गोव्यातल्या देवळांचा कारभार पोर्तुगीज काळातल्या १९३३ च्या नियमांवर चालतो आणि महाजनपण बापाकडून मुलाला येतं. "मग तुझ्या भावाला आहे आणि तुला नाही?" माझा भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान, देवळाची एक आरती त्याला धड येत नाही. मी काहीतरी उत्तर द्यायला गेले आणि थांबले. "तुमच्या मशिदीत बायका येतात?" मी विचारलं. "आमच्याकडे नाही," तो म्हणाला. "माझी बहीण हेच विचारते." दुसऱ्या दिवशी कुंकळ्ळीकारणीला आम्ही दोघांनी हे सांगितलं, तर ती म्हणाली, जात तर आमच्यातही आहे, बाप्तिस्मा घेऊन चारशे वर्षं झाली तरी लग्न ठरवताना विचारतात. त्या दिवशी कुणीच कुणाला सांभाळून घेतलं नाही. मी घरी जाऊन बाबांना महाजनपणाबद्दल विचारलं. बाबा म्हणाले, "असंच आहे ते." मी अजून विचारते आहे.

शिगम्याच्या दिवसांत फातर्प्याहून कुंकळ्ळीला देवीच्या छत्र्या येतात. बारा वांगडांच्या, म्हणजे घराण्यांच्या, बारा छत्र्या, आपल्या मूळ गावी. तिने मला बोलावलं. कोरेज्म चालू होतं. तिच्या घराच्या बाल्कांवावर, म्हणजे पुढच्या ओट्यावर, आम्ही उभ्या होतो, आजी खुर्चीत. आधी ढोल ऐकू आले, मग वळणावर गुलालाचा ढग दिसला, आणि त्यात छत्र्या नाचवत आणणारे लोक. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिंदू-ख्रिस्ती एकत्र उभे. छत्र्या समोर आल्या तशी आजीने हात जोडले. मी जोडले. ती नुसती उभी राहिली, पाठ ताठ, आणि तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

मी नंतर विचारलं. आता विचारायची भीती राहिली नव्हती. ती म्हणाली, "माझी माणसं येत होती ती. मी बघायला उभी होते."

मागच्या दारी नळावर आम्ही केसांतला गुलाल धूत होतो तेव्हा तिची आई टॉवेल घेऊन आल्या. प्रार्थना गटात जाणारी, प्रसाद नको म्हणणारी हीच ती आई. त्यांनी जेवून जा म्हटलं, आणि मग टॉवेल हातातच ठेवून विचारलं, "तुझ्या घरी चालतं ना, आमच्याकडे जेवलेलं? खरं सांग. मला वाईट वाटणार नाही."

मी खरं सांगितलं. "आजीला नाही चालणार, आंटी. मला चालतं."

"मग आजीला सांगणार?"

"सांगेन."

त्यांनी इसवणाचं हुमण, भात आणि तळलेले मुडदुशे वाढले. आम्ही बाल्कांवावर बसून जेवलो, खाली रस्ता गुलालाने लाल झालेला.

घरी जाऊन मी आजीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि उठून आत गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पाठाचं टाचण काढत बसले होते, ती दारात येऊन उभी राहिली.

"त्या हुमणात त्रिफळं घालतात का गो ते?"